कार्ड कापलं, सही कुणाची?

सरकार कशाला हवं, सगळं यंत्रावर सोपवून टाका, असं म्हणणारी पोरं आता आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बोथलाही भेटतात. हैदराबादला शिकून आलेली, हुशार पोरं आहेत. त्यांचं म्हणणं असं, की माणूस लाच खातो, जात बघतो, भाच्या-पुतण्याचं काम आधी करतो. यंत्राला ना जात ना पोट. मग रेशन कुणाला, पेन्शन कुणाला, कुठला सर्वे नंबर कुणाच्या नावावर, हे यंत्रच ठरवू दे. पटवारी, तहसीलदार, आमदार या सगळ्यांना घरी बसवा. मोकळ्या समाजाला सरकार लागतंच कशाला? जगातही हीच हवा आहे. आल्बानियाच्या पंतप्रधानांनी सप्टेंबर 2025 मध्ये ‘दिएला’ नावाच्या एका संगणकी बाईला थेट मंत्री म्हणून जाहीर केलं, सरकारी ठेके तिच्या हाती दिले की भ्रष्टाचार संपेल म्हणून.

हे ऐकलं की माझं डोकं तापतं. आमच्या तेलंगणात हा प्रयोग होऊन गेला आहे. त्याची किंमत मोजणारे लोक या पोरांच्या गल्लीत राहत नाहीत, म्हणून यांना तो माहीत नाही.

19 ऑगस्ट 2014 हा दिवस आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. नवं राज्य होऊन तीन महिनेही झाले नव्हते. एका दिवसात सगळ्या राज्याची घरं मोजायची म्हणून समग्र कुटुंब सर्वेक्षण झालं. पोटासाठी बाहेर गेलेले लोक गाड्या भरभरून गावी परतले. त्या दिवशी घरी सापडलो नाही तर सरकारदरबारी आपण नाहीच, ही धास्ती. पुढे सरकारने खात्याखात्यांतली माहिती एका जागी जोडणारी ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा उभी केली. केंद्र सरकारच्या 2018-19 च्या आर्थिक पाहणी अहवालात तिचं भरभरून कौतुक आहे. सुमारे 25 खात्यांच्या याद्या एकमेकींना जोडल्या आणि जोडण्याचा धागा होता माणसाचं नाव आणि पत्ता. गुन्हे, मालमत्ता, वीज-पाणी, अनुदान, शिक्षण, कर, ओळख असं सगळं एका माणसाच्या नावापुढे आलं. वर त्याची बायको, भावंडं, आईबापही त्याला जोडून ठेवले.

2016 पासून रेशन कार्डांची छाननी या यंत्राच्या हाती गेली. 2014 ते 2019 या काळात तेलंगणात 18 लाख 60 हजारांवर रेशन कार्डं रद्द झाली आणि 1,42,086 नवे अर्ज फेटाळले गेले. कुणाला नोटीस नाही, कुणाच्या घरी चौकशी नाही. माणूस दुकानात गेला तेव्हा त्याला कळलं. हैदराबादच्या एका गरीब विधवेचं प्रकरण पुढे बातम्यांत आलं. तिचा नवरा आयुष्यभर रिक्षा ओढून मेला. तो जिवंत असतानाच यंत्राने त्याला मोटारीचा मालक ठरवलं, कारण त्याच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्याच एका माणसाकडे मोटार होती. रिक्षावाल्याच्या माथी न घेतलेली मोटार मारून त्याच्या घरातला तांदूळ बंद केला.

सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की रद्द केलेल्या कार्डांची घरोघर जाऊन तपासणी करा. फेरतपासणीसाठी 4,91,899 अर्ज आले. जुलै 2022 पर्यंत त्यातले 2,05,734 बघून झाले होते आणि 15,471 घरं पात्र निघाली. म्हणजे शेकडा साडेसात. ज्यांनी कंटाळून अर्जच केला नाही, जे दरम्यान मेले, जे भिवंडीला नाहीतर पुण्याला निघून गेले, ते या हिशेबात नाहीत. हाताखालच्या कारकुनाने शंभरात साडेसात घरांचं अन्न चुकून तोडलं असतं, तर आपण त्याला नोकरीवर ठेवलं असतं का?

आता ‘यंत्र विचार करतं’ म्हणजे काय करतं ते बघू. त्याच्यापुढे दोन नोंदी येतात. एका यादीत रेशनवाला, दुसऱ्या यादीत मोटारवाला. अक्षरं किती जुळतात, पत्ता किती जुळतो, बापाचं नाव जवळपास आहे का, याचा हिशेब करून ते एक आकडा काढतं: हे दोघं एकच असण्याची शक्यता इतकी. त्या आकड्याला एक रेघ ठरवलेली असते. आकडा रेघेच्या वर गेला की दोघांचा एक माणूस झाला. यालाच विचार म्हणत असाल तर म्हणा, माझी हरकत नाही. पण हा विचार करणाऱ्याने कधी बोथ पाहिलेलं नाही.

आमच्या तांड्यांवर चला. राठोड, जाधव, पवार, चव्हाण, आडे, एवढ्यात निम्मा तांडा संपतो. गोंडांच्या गुड्यांत आत्राम, मडावी, मेश्राम, पेंदूर. एका वस्तीत एकाच नावा-आडनावाचे दोघे-तिघे असणं इथे नेहमीचं. लोक त्यांना ‘काळा’, ‘उंच’, ‘विहिरीजवळचा’ म्हणून ओळखतात. पत्ता सगळ्यांचा एकच, गाव आणि मंडल. आणि नाव लिहिण्याची तऱ्हा? मराठीत आधी आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव. तेलुगू दफ्तरात आडनाव पुढे येतं. आमचे माजी आमदारही मराठीत बापूराव राठोड आणि तेलुगूत राठोड बापूराव. त्यात इंग्रजी आलं की चव्हाणाचा चवान होतो, चौहान होतो, आणखी काय काय होतो. मराठी बोलणारी आई, तेलुगू लिहिणारा कारकून, इंग्रजी टाइप करणारा मी-सेवा केंद्रातला पोरगा: एका माणसाची तीन नावं इथे जन्मापासून तयार होतात. अशा मुलखात नाव आणि पत्ता हा धागा धरून माणसं जोडायला निघालेलं यंत्र दोन माणसांचा एक करणार आणि एका माणसाचे दोन करणार. हे कळायला गणित शिकावं लागत नाही, एक दिवस तांड्यावर बसावं लागतं.

आणि ती रेघ? ती कुणी ठरवली? खोटी कार्डं पकडण्यासाठी खरी किती कापली गेली तरी चालतील, याचं उत्तर त्या रेघेत दडलेलं असतं. रेघ खाली आणली की बोगस जास्त सापडतात आणि उपाशीही जास्त राहतात. हा निर्णय राज्यकारभाराचा आहे, शंभर टक्के. तो विधानसभेत मांडला असता तर विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं असतं. यंत्रात घातला म्हणून कुणाला दिसला नाही. अॅम्नेस्टीसारख्या जागतिक संघटनेने 2024 मध्ये या यंत्रणेचा अभ्यास केला, तिलाही आतलं गणित तपासता आलं नाही. तेव्हा यंत्र आलं की सरकार जातं, हे साफ खोटं आहे. सरकार जागच्या जागी होतं, काठी त्याच्याच हातात होती; फक्त तोंड लपवायला त्याला जागा मिळाली.

पुन्हा यंत्राच्या विचाराकडे येऊ. अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने 1950 मध्ये ‘यंत्र विचार करू शकतं का’ हा प्रश्न हाती घेतला आणि त्याच्या जागी एक कसोटी सुचवली. पडद्याआड माणूस आहे की यंत्र हे न सांगता प्रश्न विचारत जायचं. उत्तरांवरून फरक ओळखता आला नाही तर यंत्राला विचारी मानायला हरकत नाही. ट्युरिंगचं नाव घेणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. त्याची कसोटी पहिल्यापासून शेवटपर्यंत सवाल-जवाबाची आहे. उलटा प्रश्न विचारता येतो आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. रेशन कार्ड कापणाऱ्या यंत्राला ‘का?’ म्हणून विचारायची सोयच नव्हती. डीलर म्हणाला मला माहीत नाही, एमआरओ म्हणजे तहसील ऑफिस म्हणालं वरून आलंय, वरचे म्हणाले सिस्टिमने केलंय. ज्याला कारण विचारता येत नाही, त्याने मनात काय विचार केला याच्याशी मला कर्तव्य नाही. माणूस असता तरी मी हेच म्हटलं असतं.

उत्तर न देणारं आणखी एक यंत्र बघा: रेशनच्या दुकानात बोटाचं मशीन आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथे थोडा वेळ उभं राहा. बोंडाचं वाळलेलं टोक सुईसारखं असतं. दिवसभर वेचून बायांच्या बोटांची कातडी सोललेली, भेगाळलेली असते. बाई अंगठा टेकवते, मशीन नकार देतं. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते. मग तर्जनी, मग दुसरा हात. डीलर म्हणतो थोडं तेल लाव, घरी जाऊन साबणाने धू, उद्या ये. डोळ्याची तपासणी असते, ती चालली तर चालली. हा डीलर त्या बाईला तिच्या लग्नापासून ओळखतो. तिचा सासरा कोण, तिची पोरगी कुठे दिली, सगळं त्याला तोंडपाठ. तरी ती तीच आहे हे म्हणायचा अधिकार त्याला उरलेला नाही. एका गावातली माणसं एकमेकांना ओळखतात हा पुरावा आपण रद्द करून टाकला. ही प्रगती आहे असं मला कुणी माझ्या तोंडावर सांगून दाखवावं.

लाचेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तो खरा आहे आणि जिव्हारी लागलेला आहे. पासबुकात नाव चढवायला पैसे, फेरफाराला पैसे, नुसती पहाणीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल काढायला पैसे, हे आमच्या बापजाद्यांपासून चालत आलं. नोव्हेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ अब्दुल्लापूरमेटला एका माणसाने जमिनीच्या वादातून महिला तहसीलदाराला तिच्याच कार्यालयात पेटवून दिलं. त्या खुनाचं समर्थन कुणी करणार नाही, पण महसूल खात्याबद्दल लोकांच्या मनात काय साठलं होतं ते त्या दिवशी राज्याला दिसलं. पुढच्याच वर्षी सरकारने गावपातळीवरचे महसूल अधिकारी म्हणजे व्हीआरओ हे पदच मोडीत काढलं आणि 29 ऑक्टोबर 2020 ला ‘धरणी’ पोर्टल सुरू केलं. जमिनीची नोंद कळ दाबताच होणार, मधला माणूसच नाही. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्याकडचेही पुष्कळ होते.

मग काय झालं? जुन्या दफ्तरातल्या चुका जशाच्या तशा पोर्टलमध्ये गेल्या. पिढ्यान्पिढ्या कसलेली पट्ट्याची जमीन निषिद्ध यादीत जाऊन बसली. ती विकता येईना, तिच्यावर कर्ज मिळेना. प्रत्यक्ष जमीन कोण कसतो ही नोंद ठेवायचा जुना रकानाच गेला. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार तहसीलला उरला नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या दुरुस्तीसाठी कुळवाडी माणूस कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागला. लाचही संपली नाही, तिने जागा बदलली. आधी नोंद करायला पैसे लागायचे, मग चूक काढायला दलाल उभे राहिले. शेवटी 2025 मध्ये ‘भू भारती’ हा नवा कायदा आला, अपिलाची सोय परत आली, आणि त्याच वर्षी सुमारे 5,000 ग्रामपालन अधिकारी नेमून गावात माणूस परत पाठवावा लागला. पाच वर्षांत चक्र फिरून जिथून सुटलं तिथे आलं. मधल्या काळात ज्यांची जमीन अडकली, ज्यांची लग्नं मोडली, ज्यांना रैतू बंधू या शेतकरी अनुदानाचा पैसा मिळाला नाही, त्यांना ही पाच वर्षं कोण परत देणार?

दुसरी बाजूही ऐकून घेऊ, कारण ती जास्त आदराची आहे. सरकारशिवाय समाज चालू शकतो असं म्हणणारा एक थोर माणूस आपल्याच भाषेचा होता. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. शासनमुक्त समाज हा त्यांचा शब्द. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्याच पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी 100 एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झालं. सरकारने एक शिपाई न पाठवता जमीन एका हातातून दुसऱ्या हाती गेली, यापुढे मी आजही मान झुकवतो. पण त्याच तेलंगणात भूदानाच्या जमिनींचे वाद आजही चालू आहेत. कुठे दिलेली जमीन कागदावर आलीच नाही, कुठे दात्याच्या वारसांनी परत विकली, कुठे तिसऱ्यानेच बळकावली. दान मनाने होतं, ते टिकवायला वही लागते, वही राखायला कुणीतरी लागतो, आणि त्या राखणाऱ्याला ‘दाखव वही’ म्हणणारा गाव लागतो. एवढं जमलं की त्याला सरकार म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, मी भांडणार नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ते करून दाखवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गोंड गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, ग्रामसभेत निर्णय सर्वांच्या संमतीने होत गेले, बायाही बोलल्या. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि 2013 मध्ये गावाने आपली सगळी जमीन ग्रामदानात काढली. हे गाव सरकाराविना राहतंय असं जे सांगतात, त्यांनी नीट वाचलेलं नाही. वनहक्क कायदा संसदेने केला, ग्रामदानाचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1964 मध्ये केला. त्या कायद्यांना धरूनच गाव उभं राहिलं. आणि गावात जे आहे तेही सरकारच आहे, पण त्यात ज्याने नकार दिला तो संध्याकाळी पाणवठ्यावर भेटतो. आमच्या आदिलाबादच्या गोंडांतही गावाचा प्रमुख पटला असतो, गावांची पंचायत म्हणजे रायसेंटर असतं, तिचा प्रमुख सारमेडी असतो; तंटे तिथे बसून मिटतात. मी त्यांचे गोडवे गाणार नाही, अशा जुन्या बैठकांत बायांचं म्हणणं किती ऐकलं जातं हे मला माहीत आहे. पण निवाडा करणारा समोर बसलेला असतो, हे त्यात आहे आणि ते मोलाचं आहे.

लांबून, कागदावर, तोंड न दाखवता चालणारं सरकार काय करतं हे या जिल्ह्याला संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात जंगल खात्याने नकाशावर राखीव वनाच्या हद्दी ओढल्या आणि गोंडांची शेतं एका रात्रीत अतिक्रमण ठरली. गोंडांचा पुढारी कुमराम भीमू याने दाद मागितली, ती कुणी ऐकली नाही, आणि 1940 मध्ये जोडेघाटला गोळ्या चालल्या. भीमू मारला गेल्यावर निजाम सरकारला सुचलं, की या लोकांचं म्हणणं काय आहे हे तरी बघावं, आणि मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आदिलाबादेत आले. आधी रेघ, मग गोळी, मग चौकशी, हा क्रम होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल कापून तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे, दिलं गेलं, बाकीचा बोथ आंध्रात राहिला. एका घरातला एक भाऊ नांदेड जिल्ह्याच्या सातबाऱ्यावर, दुसरा तेलुगू पहाणीवर. या कुटुंबांचे कागद आज जी यंत्रं जुळवायला बसली आहेत, त्यांच्यापुढे हा इतिहास कुठल्या रकान्यात आहे?

जगात इतरत्रही हेच घडलं. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी केल्याचा ठपका ठेवून हजारो आईबापांना कर्जात बुडवलं गेलं, त्यात परदेशी वंशाचे लोक हेरणारी गणितं होती. जानेवारी 2021 मध्ये तिथलं सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाने गरिबांवर यंत्राने खोटी देणी चढवली. शाही आयोगाने 2023 मध्ये त्याची चिरफाड केली. तिथे मंत्र्यांना आयोगापुढे बसून उत्तरं द्यावी लागली. आमच्याकडे लाखो कार्डांसाठी कुणी खुर्ची सोडली नाही. या फरकातच माझं सगळं म्हणणं आलं. तिथेही यंत्र चुकलं, पण पकडायला एक सरकार होतं. बोथच्या बसस्टँडवरची पोरं ज्या स्वप्नाची भलामण करतात, त्यात हे पकडायचं ठिकाणच राहणार नाही.

आता 2025 पासून तेलंगणात रेशनवर बारीक तांदूळ मिळतो, माणशी सहा किलो, आणि नवी कार्डंही वाटली गेली. चांगली गोष्ट आहे, मी तिचं स्वागत करतो. पण तांदूळ चांगला झाला तसं यादीबाहेर राहणं जास्त महाग झालं. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या मी मंडल कार्यालयापासून हैदराबादपर्यंत कुणापुढेही मांडायला तयार आहे. एकही कार्ड, एकही पेन्शन, एकही पट्टा आधी घरी येऊन विचारल्याशिवाय रद्द होता कामा नये. यंत्राने शंका काढली तर काढू दे. निर्णय माणसाने घ्यावा. नकाराचा कागद हाती पडलाच पाहिजे, त्यावर कारण तेलुगूत, मराठीत, आणि गोंड वस्तीत गोंडीतून वाचून सांगितलेलं असावं. कुठल्या नोंदीशी नाव जुळवलं ती नोंद अर्जदाराला दाखवावी, म्हणजे ‘ही मोटार माझी नाही’ एवढं तरी त्याला म्हणता येईल. तोडलेल्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, कारण कोण कोण आहे हे गावाला ठाऊक असतं. आणि त्या कागदाखाली एका अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही असावी. सही नसलेला नकार आमच्यावर बंधनकारक नाही असं कायद्यातच लिहून घ्यावं. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. हैदराबादला शिकून आलेल्या पोरांनीही त्या दिवशी यावं, आणि सरकार नको म्हणत असतील तर ते तांड्यावरून आलेल्या बायांना समजावून सांगावं.